साट्याच्या दिवशीचं दार

आई, तुमच्या पितळी कातणाने मी हल्ली कानातली कापते. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तुम्ही आधी माझीच हजेरी घेतली असती. सासूने दिलेली करंजीची वस्तू सुनेने प्लास्टिकवर चालवली म्हणून. ज्याच्यावर ते फिरतं त्याला पॉलिमर क्ले म्हणतात. नाव मातीचं, पण आहे ते एक मऊ प्लास्टिकच. साबणाच्या वडीसारख्या रंगीत वड्या मिळतात. कणकेसारख्या मळायच्या, पापडासारख्या लाटायच्या, थरावर थर रचायचे, वरून ठसा दाबायचा, आकार कापायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. भाजला की कडक होतो. मग पॉलिश पेपरने घासायचा, कड्या लावायच्या, झालं कानातलं. कोणी पदकं घेतं, कोणी ब्लाउजला नि पर्सला लावायला बटणं आणि फुलं करून मागतं. कातण आता खाण्याच्या पदार्थाला चालणार नाही. ओव्हनही वेगळाच घेतला आहे आणि त्यावर ‘यात खायचं काही ठेवू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. तुमच्या मुलाने तरी त्यात एकदा पाव गरम करायला घेतलाच होता.

हे शिकायची वेळ का आली तेही सांगते. पवईच्या ऑफिसात मी रिसेप्शनला होते ते तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी माझ्या ड्रेसवर तुमची काहीतरी टिप्पणी झाल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. तुम्ही गेलात, त्यानंतर काही वर्षांनी बाबांची आठवण विरायला लागली. माझे सासरे, कंपनीतले फोरमन, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने कारखान्यातला अख्खा शॉप गप्प व्हायचा ते तुमचे मालक, आधी चष्मा विसरले, मग चालू गॅस, मग मुलुंडच्या या नव्या घराचा मजला. एकदा खाली जाऊन वॉचमनला विचारत बसले की विक्रोळीला जाणारी कंपनीची बस अजून कशी आली नाही. त्या दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं. उपकार म्हणून नाही, दुसरा इलाज नव्हता म्हणून. सांभाळायला बाई ठेवून पाहिली, पण बाबांनी तिला फोरमनच्या आवाजात असं झापलं की ती पगाराची वाटही न बघता निघून गेली. मग घरात अडकलेली मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसायचे आणि त्यातून हा क्लेचा नाद लागला. आता नाद म्हणत नाही. ऑर्डरी येतात, वेळेवर द्याव्या लागतात.

बाबांचा त्रास म्हणाल तर एकच, जेवत नाहीत. नव्हते जेवत. ताट पुढे ठेवलं की विचारायचे, “ती खंय गेली?” खरं सांगून पाहिलं. तुम्ही गेलात हे प्रत्येक वेळी त्यांना नव्यानेच कळायचं आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यासारखेच कोसळायचे. मग मी खोटं बोलायला लागले. गावाला गेली आहे, येईल. त्यावर ते ताट हळूच पुढे सरकवायचे. “ती येवंदे, मगे जेवतलंय.” असा अन्नावाचून माणूस डोळ्यांदेखत वाळत होता. डॉक्टर म्हणायचे, आवडीचं काही द्या. आवडीचं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाढत होतात तुम्ही.

दिवाळीच्या आधी बोरिवलीहून तुमच्या मुलीचा फोन आला. ती माझ्या कानातल्यांची जाहिरात माझ्यापेक्षा जास्त करते. “वहिनी, या वेळी फराळाचे झुमके कर ना. चकली, शंकरपाळी, करंजी. करंजी आपल्या आईसारखी कर, साट्याची. गुलाबी, पांढरी, हिरवी. झकास दिसेल यार!” मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तिला साट्याची करंजी म्हटलं की रंग आठवतात. मला दार आठवतं.

विक्रोळीच्या क्वार्टर्समधलं ते घर मला अजून पाठ आहे. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला मागच्या पॅसेजमध्ये उघडणारं आणखी एक दार. वसुबारसेच्या आसपासचा एक दिवस साट्याचा. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून शेजारच्या बायका बसल्या आहेत, परातीत खोबऱ्याचं सारण आहे, मी आणि तुमची मुलगी मधोमध. इतक्या बायकांत आपलं काय काम म्हणून बाबा पिशवी उचलतात, “बाजारात जावन येतंय” म्हणतात आणि निघून जातात. मग तुम्ही पदर खोचता, स्वयंपाकघरात शिरता आणि दार लावून घेता. आतून कडी. थोड्या वेळाने लाटण्याचा आवाज सुरू होतो, दणदणीत, एका ठेक्यात, पोळपाट फुटेल असं वाटावं इतका. तुम्हाला मी साटा काय शिकवणार, पण मी तो कधी करताना पाहिला नाही, म्हणून जेवढं कळलं तेवढं लिहिते. तीन रंगांच्या मोठ्या पोळ्या, मध्ये तूप नि कॉर्नफ्लोअर फेसून केलेला साटा, एकावर एक रचून घट्ट वळकटी, मग तिचे तुकडे. बऱ्याच वेळाने दार किलकिलं व्हायचं आणि ओल्या फडक्याखाली झाकलेल्या लाट्यांचं ताट बाहेर यायचं. पुढचं सगळं उघड्यावर. लाटी छोटी लाटायची, सारण भरायचं, कडेने कातण फिरवायचं, तळायचं. तेलात पडली की करंजीचे पदर सुटायचे, एकेक रंग वेगळा. क्वार्टर्समध्ये तशी करंजी दुसऱ्या कोणाची होत नव्हती. इंजिनियरांच्या बंगल्यांवरूनही करंज्यांसाठी डबे यायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी हात धुऊन, बांगड्या मागे सारून तुमच्या मागोमाग आत यायला निघाले होते. तुम्ही मला उंबऱ्यावर थांबवलंत. “भायर रव गो. साट्याक नजर लागता.” सगळ्यांसमोर. बायका हसल्या आणि पुन्हा गप्पांना लागल्या. त्यांना तो तुमचा जुनाच विक्षिप्तपणा वाटत होता. तुमच्या मुलीला कधी अडवावं लागलं नाही, कारण तिने आत जायचा उत्साहच कधी दाखवला नाही. अडवली गेले ती मी एकटी. आणि मी कोण होते? घाटकोपरची, बौद्ध घरातली, तुमच्या मुलाशी कोर्टात लग्न करून आलेली. तुम्ही लग्नाला नाही म्हणाला नव्हतात, हो पण म्हणाला नव्हतात. मी वर्तमानपत्रावर जाऊन बसले, सारणाची परात पुढे ओढली आणि मनात म्हटलं, बरं, असं आहे तर.

मी उगाच मनाचे खेळ करत नव्हते. त्याच वर्षी गणपतीला आपण मालवणकडे गावी गेलो होतो. तिथे नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावायला मी निघाले की तुम्ही म्हणायचात, “तू दमलंस, पडवीत बस.” मी दमले नव्हते. एसटीत रात्रभर झोपून आले होते. तुमच्या जावा एकमेकींकडे बघत होत्या आणि मी पडवीत बसून नारळ सोलत होते. परतताना तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि बाहेर बघत म्हणालात, “गावात लोकांक तोंड देवचा लागता.” तेवढंच. मी माझ्या आईला हे सांगितलं नाही. ती आपल्या घरी यायची तेव्हा तुम्ही गुलाबाची फुलं असलेले ठेवणीतले कप काढायचात. आई उतरताना जिन्यात म्हणायची, “कप छान आहेत गं. पाहुण्यांचे आहेत.” तिला बरंच काही कळत होतं.

आणि याच सगळ्यात रोज सकाळी तुमची वेणी मी घालायचे. तुमचा उजवा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जात नसे. माझ्याकडे पाठ करून तुम्ही पाटावर बसायचात, डोकं माझ्या हातात द्यायचात आणि डोळे मिटायचात. तेल तुम्हाला जास्त लागायचं. एखाद्या दिवशी मी घाईत असले तर म्हणायचात, “सावकाश. बस काय पळान जाता?” मला ती पाच-दहा मिनिटं आवडायची, हे मी कधी बोलले नाही. पण मनात हिशेब चालूच असायचा, की डोक्याला माझा हात चालतो आणि पिठाला चालत नाही. एका दिवाळीनंतर तुम्ही कातण धुऊन, पुसून माझ्या हातात दिलंत. “ह्या तुझ्याकडेच ठेव. तुझो हात सरळ चलता.” दुसरी कोणी असती तर हरखली असती. मी मात्र ते कपाटात मागे टाकलं. कडा कापायला मी, आणि आतले पदर मात्र दाराआड. पुढे एका श्रावणात तुम्ही गेलात आणि साटा तुमच्याबरोबर गेला. त्या दिवाळीला तुमच्या मुलीने दुकानातून साट्याच्या करंज्या आणल्या. बाबांनी एक हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि परत ठेवून दिली. आम्हाला वाटलं, दुःख.

तर, झुमके. ते कातण शोधून काढलं आणि कामाला लागले. माझी नेहमीची कामं वेगळी असतात. तीन-चार रंगांचे थर एकावर एक ठेवायचे, त्यात लाकडी ठसा खोल दाबायचा, चादरींवर छपाई करतात तसला, आणि उंच राहिलेला भाग धारदार पात्याने तासून काढायचा. खालचे रंग नक्षीसारखे वर येतात. त्यात थर थोडे इकडेतिकडे झाले तरी नक्षी म्हणून खपून जातं. करंजीच्या पदरांत ती सोय नाही. तिथे रेघ म्हणजे रेघ. आणि ऑक्टोबरचा उकाडा असा की क्ले हातात लोण्यासारखी व्हायची. फ्रिजमध्ये ठेवून बघितली, पंखा बंद करून, चालू करून बघितला. थर रचून वळकटी करून कापलं की आत गुलाबीत हिरवं मिसळलेलं, मध्येच हवेचे फुगे. तुम्ही दार लावून घेतलंत म्हणूनच मला हे येत नाही, असा सगळा राग त्या बिचाऱ्या क्लेवर निघत होता. शेवटी त्यातल्या त्यात बऱ्या निघालेल्या करंज्या, बोटाच्या पेराएवढ्या, मी भाजून स्टीलच्या ताटलीत गार व्हायला ठेवल्या आणि एका गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला गॅलरीत गेले.

परत आले तर बाबा टेबलाशी बसून काहीतरी चावत होते. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नसलेला माणूस ताटलीतली करंजी खात होता. मी किंचाळले. “बाबा, थुंका! आधी थुंका!” त्यांच्यावर आवाज चढवायची माझी ही पहिलीच वेळ. तोंडात बोट घालून तुकडा बाहेर काढला, चूळ भरायला लावली, ताटलीतल्या करंज्या मोजून बघितल्या. एकच तुटली होती आणि तिचे दोन्ही भाग मिळाले. बाबा मात्र शांत. त्यांनी माझ्या तळहातावरचा तो अर्धा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जो मी कंपनीच्या वार्षिक समारंभात एकदा पाहिला होता, एका शिकाऊ पोराने वाकडा पत्रा कापून दाखवला तेव्हा.

“साटो कमी पडलो,” बाबा म्हणाले. “कोणी लाटल्यान ह्या?”

“मी लाटलं, बाबा.”

“तुका कोणी सांगितलेला? लाटूचा काम माझा.”

मला वाटलं, हे आणखी एक भलतंच. मी विचारलं, “तुमचं? मग आई काय करतात?”

“ती साटो फेसता. तिचो हात खंय चलता लाटूक?” असं म्हणून ते उठले, बाह्या वर सारल्या आणि पोळपाट कुठे आहे म्हणून ओट्याशी शोधायला लागले. मग एकदम थबकले आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “दार लोट आधी. कोण तरी बघतलो. शॉपमध्ये कळला तर इज्जतीची वाट लागतली.”

आई, या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला दारच नाही. हल्ली नसतं. बाबा ऐकेनात. शेवटी मी माझ्या कामाच्या छोट्या खोलीत त्यांना नेलं, दार लावलं, कडी घातली, ती त्यांनी स्वतः हलवून तपासली, आणि मग ते बसले. मी गुलाबी क्लेचा गोळा पुढे ठेवला. त्यांनी तो बोटाने दाबून बघितला, घट्ट आहे म्हणाले, आणि मळायला घेतला. ज्या माणसाला शर्टाचं बटण कुठल्या घरात घालायचं ते आठवत नाही, त्याचे हात एकदाही अडखळले नाहीत. लाटणं मधून बाहेर, मधून बाहेर, प्रत्येक वेळी पोळी जराशी वळवायची, कडेला आलं की दाब सोडायचा. मी नेमकी कडेपासून आत दाबत होते, म्हणून फुगे. तोच आवाज, आई. तोच ठेका. पुढच्या खोलीत सारणाच्या परातीशी बसून जो मी वर्षानुवर्षं ऐकला तो, आता मी दाराच्या आतून ऐकत होते. त्यांनी साटा मागितला तेव्हा मी पातळ क्लेची बाटली पुढे केली, थर चिकटवायला वापरतात ती. चमच्याच्या पाठीने त्यांनी ती पसरली आणि नाक मुरडलं. “तूप खवाट हा. दुकान बदल.” मी बरं म्हटलं. वळकटी झाली, ती थोडी गार करून मी पात्याने कापली, आणि आत गुलाबी, पांढरं, हिरवं, एकात एक, केसाइतक्या बारीक रेघा.

मला आधी हसू आलं. खूप हसले, बाबाही माझ्याकडे बघून हसले. मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पुढच्या दाराने बाजारात गेलेले बाबा मागच्या पॅसेजच्या दाराने आत येत होते. म्हणून त्या दिवशी बाजारातून फक्त कोथिंबिरीची एक जुडी यायची. संध्याकाळी त्यांच्या मिशीला पांढरं लागलेलं मी एकदा पाहिलं होतं आणि वाटलं होतं, वय दिसायला लागलं बाबांचं. आणि तुमचा खांदा! ज्या हाताला स्वतःची वेणी घालता येत नव्हती तो हात डझनभर डब्यांच्या पोळ्या कसा लाटेल, हा प्रश्न रोज सकाळी तो खांदा माझ्यासमोर असताना मला कधी पडला नाही. क्वार्टर्समधल्या बायकांना तुमचा खांदा कुठे ठाऊक होता? तो ठाऊक असलेली मी एकटी. म्हणजे आतलं गुपित ओळखेल अशी कोणी असेल तर ती मीच होते, आणि मला अडवायचं कारण मी समजले ते नव्हतं.

मग मला तुमचा इतका राग आला की लाटणं घेऊन मी धुवायला निघून गेले. एक वाक्य पुरलं असतं, आई. वेणी घालताना, माझ्याकडे पाठ असताना, तोंड न बघता सांगता आलं असतं, की अगं, आत तुझे सासरे लाटायला बसतात, माणूस लाजतो. मी कोणाला सांगितलं असतं? माझ्या मनात काय चाललं आहे ते तुम्हाला कळत नव्हतं, हे मी मानणार नाही. भाजीवाल्याच्या नुसत्या आवाजावरून भाव ओळखणारी बाई तुम्ही. तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही निवड केलीत. सून मनातून दुखावली तर चालेल, पण फोरमनच्या हातात लाटणं आहे हे क्वार्टर्समध्ये कोणाला कळता कामा नये. कदाचित म्हणूनच ते कातण दिलंत. घरात देण्यासारखं तेवढंच तुमच्या हातात होतं, बाकीचं बाबांचं होतं. हे मी आता समजून घेते आहे, तुम्ही सांगितलेलं नाही, तेव्हा चुकत असेन तर चुकत असेन. पडवीचं मात्र पडवीपाशीच राहू दे. तिथे दाराआड बाबा नव्हते, तिथे जे होतं ते तेच होतं, आणि खिडकीच्या जागेने ते फिटत नाही. दोन्ही खरं आहे. इतकी वर्षं मी दोन्हींची एकच गाठ मारून ठेवली होती, ती आता सुटली एवढंच. एक बाजू हलकी झाली की माणसाला किती बरं वाटतं, ते मला या वयात कळलं. मी मोरीत उभी राहून रडले, हेही लिहून टाकते.

तेव्हापासून रोज दुपारी आमचं काम चालतं. बाबा लाटतात, मी ठसे दाबते, कापते, भाजते. ठसा चिकटू नये म्हणून त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरावं लागतं, ते त्यांच्या मिशीला लागतं. काम झालं की मी त्यांचे हात साबणाने दोनदा धुते आणि ते शिफ्ट सुटल्यासारखे ताटावर येऊन बसतात. दोन पोळ्या जातात, भात जातो, मासे असले तर विचारायलाच नको. डॉक्टरांनी विचारलं, औषध बदललं का. मी म्हटलं, कामाला लावलंय. बाबांच्या लेखी तुम्ही आता गावाला गेलेल्या नसता. स्वयंपाकघरात साटा फेसत असता. मधूनच ते मला विचारतात, “झालो काय तिचो?” आणि मी बाहेर डोकावून सांगते, होतोय, आणखी थोडा वेळ. तुम्हाला इतका वेळ कशाला लागतो यावर आम्ही दोघं थोडी कुरकूर करतो.

करंजीचे झुमके तुफान गेले. बायका विचारतात, मशीन वापरता का, इतके सारखे पदर कसे येतात. मी म्हणते, सरावाने. गेल्या रविवारी तुमची मुलगी बोरिवलीहून आली, न कळवता. तुमच्या मुलाने दार उघडलं. तिचा आवाज ऐकला आणि बाबांनी लाटणं पटकन मांडीखाली घेतलं, ओठांवर बोट ठेवलं. खोलीच्या दारावर थाप पडली.

“वहिनी, दार का लावलंयस? बाबा आत आहेत ना?”

“आहेत गं. माझ्याजवळच बसलेत. जरा थांब, क्ले ओली आहे, धूळ लागते.”

“मला बघू दे ना. आईसारखे पदर तू कसे करतेस ते मला एकदा बघायचंय.” मग वेगळ्याच आवाजात, “मी काय परकी आहे का?”

आई, तो आवाज मी ओळखते. तो माझा आवाज आहे, वर्तमानपत्रावर बसून मनातल्या मनात काढलेला. मी उठले. कडीला हात लावला. एका वाक्याचं काम होतं, आणि त्या वाक्यावर ती आनंदाने नाचली असती, गळ्यात पडली असती बाबांच्या. मी मागे वळून बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते, मिशी पांढरी, डोळ्यांत भीती. सगळं हरवून बसलेल्या माणसाजवळ लपवण्यासारखं एवढं एकच उरलं आहे.

“पाच मिनिटं बाहेर थांब,” मी म्हणाले. “नजर लागते.”

ती हसली नाही. निघताना झुमके घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आईचा हात तुला मिळाला गं. मला नाही दिला तिने.” मी तिच्या डब्यात लाडू भरत होते, भरत राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे लिहायला बसले तेव्हाच ठाऊक होतं. बाबांनी बघितलं तर विचारतील, ती स्वयंपाकघरात असताना तिला पत्र कसलं लिहितंस. तुम्ही माझ्या बाबतीत चुकलात असं मी अजून म्हणते आणि म्हणत राहीन. पण त्या दिवशी तुमच्या मुलीला सांगायचं राहून गेलं, असं नाही, आई. मी सांगितलं नाही.